टोपलीखालचं पीठ

टोपली उचलली तर पीठ जसंच्या तसं होतं. आदल्या संध्याकाळी अंजनाबाईंनी तळहाताने सपाट केलेलं, कडेने बोट फिरवून गोल केलेलं. त्यावर एक रेघ नाही, ठिपका नाही, साधी मुंगी चालून गेल्याची खूण नाही. शेजारची पणती तेल संपून विझली होती. रत्नमाला हातात टोपली धरून उभी राहिली. अंजनाबाई, तिच्या सासूबाई, गुडघ्यांवर हात टेकून वाकल्या होत्या आणि उतू जाणाऱ्या दुधाकडे बघावं तशा पिठाकडे बघत होत्या. मग त्या भिंतीला धरून हळूहळू खाली बसल्या. "नाई आला," त्या म्हणाल्या. "आजबी नाई आला माहा शाम." बाहेर रस्त्यावरून पहिल्या पाळीचे लोक सायकलच्या घंट्या वाजवत कारखान्याकडे चालले होते. त्यांच्यातला एक कमी झाला होता आणि घंट्यांचा आवाज तेवढाच होता. रत्नमालेला त्या घंट्यांचा राग आला, मग पिठाचा आला, आणि शेवटी ज्याचा यायला हवा होता त्या माणसाचा आला.

माणूस गेला की जीव गेला त्या जागी दिवा लावतात, तांदळाचं पीठ पसरतात आणि वर टोपली झाकतात. सकाळी पिठावर ज्याचा ठसा दिसेल त्या जन्माला तो गेला. चिमणीची नखं दिसली तर चिमणी, मुंग्यांची ओळ दिसली तर मुंगी. काहीही चालतं, दिसलं म्हणजे सुटला. नाही दिसलं तर अडकला, आणि दहाव्याच्या आत नाही दिसलं तर कायमचा अडकला. त्यांच्या मुलखात, गोंदियाकडच्या मातीच्या घरात, ही अडचण कधी कुणाला आली नसेल. तिथे टोपलीखाली काहीतरी शिरतंच, झुरळ तरी शिरतं. पण हे भिलाईच्या सेक्टर सातमधलं क्वार्टर होतं. सिमेंटची जमीन, तीही रोज फिनाइलने पुसलेली. त्यात रत्नमालेचा नवरा शामसुंदर गेला त्याच आठवड्यात मलेरियावाले पाठीला पंप बांधून आले होते आणि कोपरा न् कोपरा फवारून गेले होते. पालीसुद्धा घर सोडून गेल्या होत्या. रत्नमालेने हे एकदा समजावून पाहिलं. "आई, औषध मारलं आहे ना घरात, म्हणून काही येऊन नाही राहिलं." अंजनाबाईंनी तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "औषधानं जीव अडते काय वं?" त्या म्हणाल्या. आणि ठसा दिसेपर्यंत त्या जेवणार नव्हत्या. पोराचा ठावठिकाणा लागल्याशिवाय घास तोंडात घालणार नाही असं त्यांनी सांगून टाकलं होतं, आणि सांगितलेलं मोडायची त्यांना सवय नव्हती. शेजारच्या क्वार्टरातली रुक्मा दोन्ही वेळा डबा आणून ठेवायची आणि दोन्ही वेळा भरलेला परत न्यायची. अंजनाबाई कोरा चहा घेत, तोही अर्धा. काल न्हाणीतून येताना त्या दाराची चौकट धरून खाली बसल्या आणि कितीतरी वेळ त्यांना उठताच आलं नाही. रत्नमालेने त्यांना उचललं तेव्हा हातात काही वजनच लागलं नाही, आणि ती घाबरली. ही म्हातारी मरेल, तिच्या मनात आलं. ही इथे माझ्यासमोर बसून मरेल, आणि मग या गावात मला नावाने हाक मारणारं कोणी उरणार नाही.

भिंतीला टेकलेल्या अंजनाबाई डोळे मिटून बसल्या होत्या. त्या झोपल्या असं वाटून रत्नमाला पीठ भरायला वाकली, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "चुकलं आपलं. जागाच चुकली." "कसली जागा?" "जीव तर त्याचा दवाखान्यात गेला ना. मंग तो इथं कावून येईन? इथं तर फक्त त्याले आणून ठेवलं." त्यांनी डोळे उघडले, आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदाच त्या डोळ्यांत काहीतरी हालचाल दिसली. "मले दवाखान्यात ने. कोणत्या पलंगावर गेला तो, मले दाखव. त्या पलंगाखाली मी वाटीभर पीठ ठेवीन, कोणाले दिसणार बी नाई. तू त्या नर्सबाईले सांग, हात जोड तिले, हिंदीत बोल." रत्नमाला पिठात हात तसाच ठेवून बसून राहिली. पीठ गार होतं. "बघू," ती म्हणाली. "बघू नाई. उद्या सकाळी नेशीन. आज रातचं अजून इथं ठेवून पाहू, नाई आला तर उद्या नेशीन." आणि त्यांनी पुन्हा डोळे मिटून घेतले, आता सगळं ठरलं अशा समाधानाने.

पलंग नव्हता. शामसुंदर दुर्ग शहराच्या बाजूला, मोहन नगर ओलांडून पुढे, रुळांच्या कडेला गेला होता. दुपारची वेळ, उघडीप पडलेली, मालगाडी. त्याच्या खिशातलं कारखान्याचं ओळखपत्र पाहून माणसं आधी टाइम ऑफिसात पोचली, जिथे तो क्लार्क होता, आणि तिथून त्याच्या शेजारच्या टेबलावरचा तेजराम, रुक्माचा नवरा, ओळख पटवायला गेला. संध्याकाळी तो क्वार्टरच्या मागच्या दाराने आला होता. "वहिनी, बुढीले सच सांगू नका," तो म्हणाला होता, तिच्याकडे न बघता, नळाकडे बघत. "रेल्वेवाल्याची बायको आहे ते. गाडीखालचा माणूस कसा राहते ते तिले माहीत आहे. बर्दाश्त नाही होणार. हार्टअटॅक सांगून टाका, दवाखान्यात गेले म्हणा. मी सगळं पॅक करूनच आणतो, तोंड तेवढं दाखवू." तोंड चांगलं होतं. तोंडाला काहीच झालेलं नव्हतं. अंजनाबाईंनी त्याच्या गालावरून हात फिरवला, मानेखाली चादर घट्ट बांधलेली होती, आणि तेजराम दोन्ही हातांनी ती चादर धरून पायाशी बसला होता. रत्नमालेने त्या वेळी रडायचंसुद्धा विसरून फक्त त्या गाठीकडे लक्ष ठेवलं होतं. नंतर तिला त्याची सायकल परत मिळाली आणि हँडलला अडकवलेली पिशवीही. पिशवीत ओल्या रुमालात गुंडाळलेल्या कुत्र्याच्या छत्र्या होत्या, तीन-चार, एकही चुरगळली नव्हती. आणि डबीत नीट घडी घालून ठेवलेला चष्मा होता. तेव्हापासून तिचं डोकं या दोन वस्तूंमध्ये येरझारा घालत होतं. मरायला निघालेला माणूस छत्र्या ओल्या रुमालात ठेवत नाही. पण चष्मा? चष्मा माणूस कधी काढून ठेवतो? मग तिला आठवायचं की त्याला लांबचं दिसत नसे, जवळचं नीट बघायचं असलं की तो चष्मा काढायचाच. पेपर वाचताना काढायचा, तिच्या बोटातला काटा काढताना काढायचा, छत्रीच्या खालच्या बाजूचे पडदे बघताना तर हमखास काढायचा. म्हणजे तो वाकून बघत असेल. रुळाच्या कडेला जुन्या कुजक्या लाकडी स्लीपरांवर काहीतरी उगवलं असेल आणि तो वाकला असेल. एवढ्यावर येऊन ती थोडा वेळ शांत व्हायची. मग वाटायचं, मालगाडीचा आवाज काय डोळ्यांनी ऐकतात?

हा नाद त्याला कधी लागला ते नेमकं सांगता येणार नाही. आधी पानं होती. ऑफिसातलं जांभळं स्टँपपॅड घरी आणून तो पेरूचं, पळसाचं, कडुनिंबाचं पान त्यावर दाबायचा आणि कोऱ्या कागदावर ठसा उठवायचा. शिरा न् शिरा उमटायच्या. बायकोने कौतुक करावं एवढं ते छान दिसायचं, आणि तिने केलंही. दोरीवर कपड्यांच्या चिमट्यांना ठसे वाळत लटकायचे आणि शेजारणी विचारायच्या, पोरांच्या शाळेचं आहे काय? मग स्वतःच जीभ चावायच्या, कारण या घरात पोरं नव्हती. पुढे एका पावसाळ्यात बागेतल्या शेणखताच्या ढिगावर छत्र्या उगवल्या आणि पानं मागे पडली. छत्रीला शाई लागत नाही, तो सांगायचा, शाई तिच्या आतच असते. देठ कापायचा, छत्री कागदावर उपडी... नाही, सुलटीच, पडदे खाली करून ठेवायची, वर वाटी झाकायची, आणि सकाळी वाटी उचलायची. कागदावर भुकटीचा ठसा, केसाएवढ्या बारीक रेघांचा. कुणाचा पांढरा, कुणाचा गुलाबी, कुणाचा गंजासारखा. एकदा हिरवा आला तेव्हा त्याने तिला झोपेतून उठवलं होतं. एकदा बाथरूमच्या मोरीमागे एक छत्री उगवली जिच्या कमरेला जाळीचा घागरा होता, खरोखरची पांढरी जाळी, आणि तिला मेलेल्या उंदरासारखी घाण येत होती. तो नाकाला रुमाल लावून दुपारभर तिच्यापुढे उकिडवा बसला होता आणि लहान पोरासारखा हसत होता. घरातल्या सगळ्या वाट्या पालथ्या असायच्या. पाहुणे आले की वरण कशात वाढायचं हा प्रश्न. "माणसांपेक्षा तुम्हाले बुरशीच बरी वाटते," एकदा वैतागून ती म्हणाली होती. "ते काही विचारत नाही ना," तो म्हणाला होता. अगदी सहज, वाटीच्या कडेवरून बोट फिरवत. तिने तेव्हा ते वाक्य कानाआड केलं. आता ते दिवसातून कितीदा तरी परत येत होतं आणि प्रत्येक वेळी थोडं जास्त बोलत होतं. त्याला कोण काय विचारत होतं? काही गोड बातमी, एवढंच ना? लोक ते तर तिलाही विचारत होते. ती काय रुळावर गेली?

दुपारी चहाचा चोथा टाकायला ती मागे बागेत गेली. तो गेल्यापासून तिने बागेकडे पाहिलं नव्हतं. भाद्रपदाचं ऊन होतं, पण माती ओली होती, आणि पेरूच्या पानांवर कारखान्याची तांबूस धूळ पावसाने धुऊन देठापाशी साचली होती. शेणखताचा ढीग त्यानेच रचलेला, वर गवत पसरून. त्या गवतातून छत्र्या आल्या होत्या. लहान बऱ्याच होत्या, त्यातल्या काही सकाळीच वितळून काळं पाणी झालेल्या. ही जात टिकत नाही, तो म्हणायचा, स्वतःचीच शाई होते. पण त्यांच्या मागे एक वेगळीच होती. एकटी, राखी रंगाची, वाटीच्या तोंडाएवढी, ताठ, माथ्यावर उन्हाने तडकलेली. अशी त्याने कधी आणली नव्हती, एवढं तिला नक्की माहीत होतं, आणि त्याला ती दाखवता येणार नाही हे त्याच क्षणी तिला कळलं. सबंध पावसाळाभर हा माणूस दुर्गपर्यंत सायकल मारत हिंडला आणि ही इथे, त्याच्याच ढिगावर, त्याच्या मागे उगवली. चार दिवस आधी उगवली असती तर काय बिघडलं असतं? तिने वाकून खाली पाहिलं. पडदे काळपट होते. शेणावरची काळा ठसा देते, हे तिला इतक्या वर्षांत न शिकताच पाठ झालं होतं. काळा ठसा, पांढऱ्या पिठावर. विचार आला तेव्हा तिने आधी आजूबाजूला पाहिलं, जणू कुंपणापलीकडून रुक्माला तो दिसला असता. मग देठ नखाने खुडला आणि छत्री पदराखाली धरली.

आपण काय करतोय हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिचा त्या पिठावर विश्वास नव्हता, म्हणून पिठाला फसवणं सोपं होतं. अवघड होतं ते अंजनाबाईंच्या डोळ्यांत बघणं. पण उद्या दवाखान्यात जाऊन कुणाच्या पलंगाखाली पीठ ठेवणार? नर्स वहीत बघेल आणि म्हणेल, इस नाम का कोई नहीं. त्यापेक्षा हे बरं. म्हातारीला फूल दिसेल. शामसुंदर नेहमी म्हणायचा, बघ, कसं फुलासारखं उमटलं. ती म्हणेल, फूल झाला माहा पोरगा, देवाच्या पायाशी गेला. थोडी रडेल आणि भात खाईल. दिवेलागणीला अंजनाबाईंनी पीठ चाळलं, सपाट केलं, पणती लावली, टोपली झाकली, आणि त्या न्हाणीकडे गेल्या. तेवढ्यात रत्नमालेने टोपली तिरपी केली आणि छत्री मधोमध अलगद ठेवली. तो जसा ठेवायचा तशीच, एकदा ठेवली की न हलवता. हात तिचे होते आणि ठेवणं त्याचं होतं.

उजाडताना ती अंजनाबाईंच्या आधी उठली. भिंतीकडे तोंड करून त्या झोपल्या होत्या, श्वास चालू आहे का हे आधी तिने पाहिलं. मग टोपली उचलली, दोन बोटांच्या चिमटीत छत्री धरून सरळ वर घेतली आणि खिडकीतून मागे टाकली. पिठावर ठसा होता. मधे देठाचा कोरा गोल, त्याच्याभोवती दाट काळ्या रेघा, सगळ्या सारख्या अंतरावर, बाहेर जाऊन एका कड्याला भिडलेल्या. इतका साफ ठसा त्याच्या हातूनही कधी आला नव्हता. रत्नमाला तोंडावर पदर दाबून रडली. तो गेल्यापासून ती अशी रडली नव्हती. आणि रडतानाही तिला वाटत होतं की त्याला हाक मारावी, बघा तरी, म्हणावं. मग तिने डोळे पुसले, टोपली पुन्हा झाकली आणि सासूबाईंना हलवलं. "आई, उठा. बघू टोपली."

अंजनाबाईंनी स्वतः टोपली उचलली. त्या वाकल्या, आणखी वाकल्या, जमिनीवर जवळजवळ आडव्या झाल्या. बोट न टेकवता त्यांनी पिठावरून गोल फिरवलं. रत्नमाला वाट पाहत होती. "फूल आहे, आई," तिने शेवटी स्वतःच म्हटलं. "फूल झाले ते."

"चाक हाये," अंजनाबाई म्हणाल्या.

"नाही हो. पाकळ्या आहेत, बघा ना."

"मले नको सांगू. जिंदगीभर मी लोकोशेडात डबा पोचवला तुह्या सासऱ्याले. तो इंजनावर कोळसा मारे आन् मी खाली चाकापाशी डबा घेऊन उभी राहो. हे मधातलं भोक. हे आरे. हे वरची कडी. इंजनाचं चाक हाये हे." त्या उठून बसल्या. चेहऱ्यावर रडण्याचं काही चिन्ह नव्हतं, तेच भयंकर होतं. "गाडीखाली आला काय तो?"

फुलाशिवाय दुसरं काही रत्नमालेच्या मनात आलंच नव्हतं. एवढा विचार केला, पदराखाली छत्री काय लपवली, वेळ काय साधली, आणि या बाईने सबंध संसार चाकांच्या सावलीत केला हे कसं सुचलं नाही? "आई, तसं काही नाही," ती घाईने म्हणाली. "ते मी केलं. कुत्र्याची छत्री ठेवली मी रात्री पिठावर. त्यांचा नव्हता का तो छंद, वाट्या पालथ्या घालायचा? तसंच. आपोआप नाही उमटलं ते, शप्पथ. खिडकीखाली पडली आहे छत्री, आणून दाखवू?"

अंजनाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. "तू ठेवली?"

"हो."

"कावून?"

"तुम्ही जेवावं म्हणून."

रुक्माच्या घरी स्टोव्ह पेटवल्याचा आवाज आला. रत्नमालेला वाटलं, आता त्या शिव्या देतील, मेलेल्या माणसाच्या नावाने खोटेपणा केला म्हणून तोंड बघणार नाहीत, आणि ते चाललं असतं. पण त्या म्हणाल्या, "मी तर तुले दवाखान्यात ने म्हटलं होतं. सोपं होतं ते. रिक्षा करायची आन् जायचं. ते सोडून तू हे कावून केलं?" आवाज अजिबात चढलेला नव्हता. "पलंग नाई ना तिथं?"

रत्नमालेने मान हलवली. नाही म्हणायचं होतं की हो, ते तिचं तिलाही कळलं नाही, पण अंजनाबाईंना कळलं. त्यांनी पदर डोक्यावरून पुढे ओढला. "त्या तेजरामनं चादर धरून ठेवली होती," त्या पुटपुटल्या, "मले वाटलं, थंडा लागते म्हणून पाय झाकून राहिला." मग त्यांनी विचारलं, जे रत्नमालेने आजवर तेजरामला विचारलं नव्हतं, स्वतःलाही या शब्दांत विचारलं नव्हतं. "पडला का सोताहून गेला?"

मला माहीत नाही, हे खरं उत्तर होतं. ते तिच्या जिभेवर आलंही. चष्मा, रुमाल, दुपारचं ऊन, ते एक वाक्य, सगळं तोंडात गोळा झालं. समोरची बाई काडी झाली होती. "पडले," रत्नमाला म्हणाली. "पाय घसरला. गिट्टीवर पाय घसरला त्यांचा, लोकांनी पाहिलं."

"कोणी पाहिलं?"

"लोकांनी."

अंजनाबाईंनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. फार वेळ नाही. जेवढा लागतो तेवढाच वेळ. "हो," त्या म्हणाल्या. "लहानपणापासून तसाच तो. खाली पाहून चाले." आणि तळहाताने त्यांनी पिठावरचा ठसा मोडला, काळं पांढऱ्यात मिसळून राखी होईपर्यंत हात फिरवला, आणि पीठ सुपात भरलं. "भात टाक," त्या म्हणाल्या. "दोघींचा टाक."

तिने भात टाकला. वरण रुक्माकडून मागून आणलं. स्वयंपाकघरात दोघी समोरासमोर बसल्या, आणि अंजनाबाईंनी इतक्या दिवसांनी पहिला घास कालवला, तोंडात घातला, चावला. तो खाली उतरायला त्यांना त्रास होत होता. मानेची शीर ताठत होती. त्या पाण्याचा घोट घेत होत्या आणि पुढचा घास घेत होत्या, एखादं काम अंगावर घेतल्यासारखं, मुकाट्याने. रत्नमाला बघत होती. हेच तर तिला हवं होतं. पण तिच्या स्वतःच्या ताटातला भात तसाच होता, बोटं त्यात रुतली होती, आणि हात काही केल्या तोंडाकडे जाईना. अंजनाबाईंनी वर पाहिलं.

"पडला म्हणते ना तू?" त्या म्हणाल्या. "मंग खा."